गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी नगरपरिषदेकडून निधी: अर्ज कसा, कधी आणि कशासाठी?

स्वागतसमिती_कार्यवाह

आमच्या ब वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीत पाडव्याला सकाळी शोभायात्रा निघते. शाळा, क्रीडा मंडळे, महिला गट, ज्येष्ठ नागरिक संघ अशा २० हून अधिक संस्था मिळून समिती चालवतात. समितीची नोंदणी झालेली नाही. आतापर्यंत वर्गणी आणि स्मरणिकेतल्या जाहिरातींवर भागत होते, पण खर्च वाढला आहे.

पुढच्या पाडव्याचा (७ एप्रिल २०२७) अंदाज असा: व्यासपीठ व मंडप ६५,०००; ध्वनिक्षेपक व जनरेटर ५५,०००; सहा चित्ररथ, प्रत्येकी २०,००० प्रमाणे १,२०,०००; ढोल-ताशा व लेझीम पथकांचे मानधन ७०,०००; पाणी, प्रथमोपचार, फिरती शौचालये, बॅरिकेड ६०,०००; छपाई व फलक ३०,०००; किरकोळ २०,०००. एकूण ४,२०,००० रुपये.

नगरपरिषदेकडे २ लाखांचे अनुदान मागावे असे समितीत ठरले आहे. अर्ज कोणाच्या नावे करायचा? पैसे कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या सदरातून) मिळू शकतात? आधी मिळतात की नंतर? आणि सण धार्मिक आहे म्हणून नकार येईल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जमाखर्च

सर्वांत आधी एक गोष्ट: रोख रक्कम मागू नका, कामे मागा.

कारण सांगतो. रोख अनुदान समितीच्या खात्यावर गेले की ते कसे खर्च झाले याचा हिशेब नगरपरिषदेला द्यावा लागतो. स्थानिक निधी लेखापरीक्षेत पहिला प्रश्न असतो की संस्था नोंदणीकृत आहे का. दुसरा, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आणि मूळ पावत्या कुठे आहेत. तुमच्याकडे पहिल्याचेच उत्तर नाही. आक्षेप लागला की रक्कम वसूलपात्र ठरते आणि ती सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या माथी येते. म्हणून मुख्याधिकारी अशा फाइलवर ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ एवढाच शेरा मारतात आणि फाइल फिरत राहते. त्यात त्यांची नाखुशी नसते, धोका खरा असतो.

तेच काम नगरपरिषदेने स्वतः केले तर खर्च तिचाच राहतो. दरपत्रके ती मागवते, कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) ती देते, देयक म्हणजे बिल ती अदा करते. तुमच्या यादीतून मागण्याजोगे काय आहे ते बघू.

पाणी, शौचालये, प्रथमोपचार, बॅरिकेड हा ६०,००० चा गट पूर्ण मागा. टँकर, सफाई कर्मचारी, अग्निशमन गाडी, असल्यास रुग्णवाहिका हे नगरपरिषदेकडे आहेच, त्यासाठी वेगळी रक्कमही लागत नाही, फक्त त्या दिवसाचा आदेश लागतो. व्यासपीठ व मंडपाचे ६५,००० ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ किंवा ‘उत्सव व समारंभ’ अशा नावाच्या शीर्षातून होऊ शकतात. प्रत्येक नगरपरिषदेत नाव थोडे वेगळे असते. सहापैकी दोन चित्ररथ कचरा वर्गीकरण, पाणी बचत, झाडे अशा विषयांवर ठेवा. स्वच्छता अभियान आणि राज्याच्या पर्यावरणविषयक माझी वसुंधरा अभियानाच्या जनजागृतीसाठी तरतूद असेल तर ते ४०,००० तिथून मागता येतात. मात्र त्या रथांचा विषय आणि मजकूर आरोग्य विभागाशी बोलून ठरवा, नाहीतर ऐनवेळी ‘हे जनजागृतीत बसत नाही’ असे उत्तर मिळते. बेरीज झाली १,६५,०००. त्यावर मैदानाचे भाडे आणि फलकांचे शुल्क माफ करून घ्या. तुमच्या २ लाखांच्या जवळ पोचता, आणि एक रुपयाही समितीच्या खात्यातून जात नाही.

पथकांचे मानधन, छपाई आणि किरकोळ खर्च वर्गणीवरच ठेवा. मानधनाची फाइल सर्वांत जास्त अडते, कारण पथकांकडे बहुधा देयक देण्यासारखी कागदपत्रे नसतात.

फाइलचा रस्ता असा. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, प्रत नगराध्यक्षांना. आवक विभागाचा क्रमांक आणि तारीख तुमच्या प्रतीवर घ्या. मग संबंधित विभागाचा लिपिक टिप्पणी (फाइलवरची प्रस्तावाची नोंद) मांडतो, लेखा विभाग ‘तरतूद शिल्लक आहे’ किंवा ‘नाही’ असा अभिप्राय देतो. हाच अभिप्राय निर्णायक असतो. त्यानंतर विषय समितीपुढे किंवा सर्वसाधारण सभेपुढे जातो, ठराव होतो, प्रशासकीय मान्यता मिळते. मग किमान तीन सीलबंद दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, कार्यादेश, काम, फोटो, काम पूर्ण झाल्याचा दाखला, देयक. दरपत्रकावर कामाची किती रकमेपर्यंत मर्यादा आहे ते चालू शासन निर्णयात पाहा आणि त्या मर्यादेत बसावे म्हणून एकच मंडप ‘मंडप’, ‘कापड’, ‘खुर्च्या’ असा तीन कामांत तोडू नका. लेखापरीक्षक पहिल्यांदा हेच शोधतात.

विषयपत्रिका

वरचे सगळे बरोबर, पण पाडव्याची खरी अडचण तारखेची आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि पाडवा त्याच्या अलीकडे-पलीकडे फिरतो. २०२५ मध्ये ३० मार्चला होता, २०२६ मध्ये १९ मार्चला, २०२७ मध्ये ७ एप्रिलला. म्हणजे एका वर्षी खर्च संपत आलेल्या तरतुदीतून होतो आणि पुढच्या वर्षी कोऱ्या तरतुदीतून. दोन्हीचे हिशेब वेगळे मांडावे लागतात.

मार्चमधल्या पाडव्याला काम झाल्यावर देयक ३१ मार्चच्या आत लेखा विभागात पोचले नाही तर तरतूद व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द होते. मंडपवाला मग वर्षभर फेऱ्या मारतो आणि पुढच्या वर्षी दरपत्रकच देत नाही. शिवाय मार्चअखेरीस त्या विभागात देयकांचा ढीग असतो, त्यामुळे तुमचे देयक वरच्या गठ्ठ्यात असायला हवे.

तुमचा पाडवा एप्रिलमधला आहे, म्हणजे खर्च २०२७-२८ च्या अंदाजपत्रकातून. ती तरतूद १ एप्रिलपासूनच वापरता येते. कॅलेंडर पाहा: १ एप्रिल गुरुवार, ७ एप्रिल बुधवार. शनिवार-रविवार सोडले तर हातात १, २, ५ आणि ६ एप्रिल एवढेच कामाचे दिवस उरतात. त्यात दरपत्रके मागवून कार्यादेश काढणे अशक्य आहे. म्हणून मार्चमध्येच दरपत्रके, तुलनात्मक तक्ता आणि मान्यता पूर्ण करून घ्यायची आणि कार्यादेश १ किंवा २ एप्रिलच्या तारखेचा काढायचा. लेखा विभागाला हे फेब्रुवारीत सांगितले तर ते टिप्पणीतच तसे लिहून घेतात. ३० मार्चला सांगितले तर कोणी ऐकत नाही.

यासाठी मागे मोजत या. अंदाजपत्रकाची जुळवाजुळव डिसेंबर-जानेवारीत होते, फेब्रुवारीत ते विशेष सभेपुढे येते. म्हणजे तुमचा अर्ज नोव्हेंबर २०२६ मध्ये आवक व्हायला हवा. अर्जात स्पष्ट लिहा की ‘२०२७-२८ च्या अंदाजपत्रकात पुरेशी तरतूद व्हावी’. हे वाक्य नसेल तर अर्ज चालू वर्षाचा समजला जातो आणि ‘तरतूद शिल्लक नाही’ असे उत्तर येते, जे खरेही असते.

अर्ज लिहिण्यापूर्वी नगरपरिषदेची अंदाजपत्रक पुस्तिका मिळवा. तिच्यात प्रत्येक शीर्षासमोर मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. ज्या शीर्षात तरतूद असूनही खर्च कमी झाला आहे, ते तुमच्या कामाचे. पुस्तिका मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून मागा, मुदत ३० दिवसांची आहे. त्याच अर्जात मागील तीन वर्षांत उत्सव-समारंभांवर कोणाकोणासाठी काय खर्च झाला याची यादी आणि ठरावांच्या प्रतीही मागा. आधीच्या ठरावाचा क्रमांक टिप्पणीत आला की लिपिकाचे निम्मे काम होते.

निवडणूक कधी लागते यावरही लक्ष ठेवा. आचारसंहिता लागली की नवी मान्यता थांबते. ठराव आणि मान्यता आधी झालेली असेल तर बोलायला जागा राहते.

कलम_वाचणारा

धार्मिक सणाच्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही, ते देतो.

संविधानाच्या अनुच्छेद २७ नुसार एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठीच ज्याचे उत्पन्न वापरले जाते असा कर भरण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. प्रफुल्ल गोराडिया खटल्यात (२०११) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कराच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा अशा कामी गेला तर हा अनुच्छेद मोडतो. तुलनेने किरकोळ खर्चाने मोडत नाही. त्यामुळे टँकर आणि बॅरिकेडवरून कोणी हरकत घेईल असे वाटत नाही. पण पूजासाहित्य, पालखीची सजावट, पुरोहितांची दक्षिणा यातले काहीही नगरपरिषदेच्या यादीत येऊ देऊ नका. गर्दीची सोय, सुरक्षा, स्वच्छता आणि सांस्कृतिक सादरीकरण एवढ्यावरच मागणी ठेवा. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे द्यायच्या विषयांत सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना हा विषय आहे. अर्जात आणि टिप्पणीत त्याचा उल्लेख असावा.

पैसे कशावर खर्च होणार हे बांधून देणे किती महत्त्वाचे आहे याचे उदाहरण पश्चिम बंगालचे. २०२० मध्ये दुर्गापूजा मंडळांना सरकारने ५०,००० रुपये दिले. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेले आणि त्यातले ७५ टक्के मास्क-सॅनिटायझरसारख्या साथीच्या उपायांवर व उरलेले पोलीस-जनता संवादावर खर्च करून पावत्या सादर करा, असा आदेश झाला.

आता दुसरी बाजू, जी मुख्याधिकारी उघडपणे बोलत नाहीत: ‘यांना दिले तर उद्या सगळेच मागतील’. ही भीती रास्त आहे आणि तिचे उत्तर तुम्हीच द्यायला हवे. फक्त तुमच्या यात्रेसाठी ठराव मागू नका. नगरपरिषदेने धोरणात्मक ठराव करावा अशी विनंती करा: हद्दीतील कोणत्याही समाजाची सार्वजनिक मिरवणूक, जी पोलीस परवानगीने निघते, ठरावीक संख्येच्या वर सहभागी असतात आणि सर्वांना खुली असते, तिला नगरपरिषद अमुक सेवा देईल. मग जयंत्यांच्या मिरवणुका, उरूस, जत्रा सगळ्यांना एकच मोजपट्टी लागते. समानतेचा प्रश्न मिटतो आणि दरवर्षी नव्याने दारात उभे राहावे लागत नाही. माझ्या मते तुमच्या समितीने सर्वाधिक वेळ यावर घालवावा. ४०,००० च्या चित्ररथापेक्षा हा ठराव मोलाचा आहे.

हेही लक्षात ठेवा की सभेने केलेला ठराव जिल्हाधिकारी नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम ३०८ खाली तहकूब करू शकतात. एका समितीच्या नावाचा रोख अनुदानाचा ठराव त्या बाबतीत कच्चा असतो. सर्वांना लागू होणारा सेवांचा ठराव सहसा टिकतो.

स्वागतसमिती_कार्यवाह

मनापासून आभार. रोख अनुदानाचा विचार सोडतो. दोन शंका उरल्या. नोंदणी आता करून घ्यावी का? आणि आमचा नेहमीचा मंडपवाला चोख काम करतो, यात्रेच्या मार्गातले खांब-खड्डे त्याला पाठ आहेत. काम त्यालाच मिळेल असे करता येते का?

जमाखर्च

नोंदणी करून घ्या, अनुदानासाठी नाही तर वर्गणीसाठी. नोंदणी नसलेल्या मंडळाला धार्मिक किंवा धर्मादाय कारणासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळे दरवर्षी घेतात ती हीच. यात्रा दरवर्षी निघणारच असेल तर कायम नोंदणी, समितीच्या नावाचे पॅन आणि दोघांच्या सह्यांचे बँक खाते सोयीचे. तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब हातात असले की कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडेही जाता येते.

मंडपवाल्याचे: काम त्याला ‘मिळवून देणे’ नाही. त्याला दरपत्रक भरू द्या, दर कमी असेल तर मिळेल. तुमच्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कामाचे वर्णन नेमके लिहून देणे. ‘मंडप व व्यासपीठ’ एवढेच लिहिले तर सर्वांत स्वस्त माणूस लाकडी फळ्यांचे हलणारे स्टेज लावतो आणि तेही नियमातच बसते. लिहायचे असे: व्यासपीठ २४ फूट बाय १६ फूट, उंची ४ फूट, लोखंडी सांगाडा, वर किमान १८ मिलिमीटर प्लायवूड, दोन्ही बाजूंना कठड्यासह जिना, मागे व बाजूला कठडा, आदल्या दिवशी सायंकाळी ६ पर्यंत उभारणी पूर्ण, यात्रा संपल्यावर तीन तासांत रस्ता मोकळा. बॅरिकेड किती मीटर, कोणत्या चौकात, तेही. असे वर्णन असले की भाव सारख्या मालाचे येतात आणि चोख माणसाला न्याय मिळतो.

त्याच्याकडे पॅन, बँक खाते आणि लागू असल्यास जीएसटी नोंदणी हवी. देयकातून आयकराची कपात होते, व्यक्तीला १ टक्का, फर्म किंवा कंपनीला २ टक्के. करार अडीच लाखांच्या वर गेला तर जीएसटीचीही २ टक्के कपात होते. हे त्याला आधीच सांगा, नाहीतर तो कापलेली रक्कम समितीकडे मागतो. आणि तो कोणा नगरसेवकाचा भागीदार नाही ना याची खात्री करा. नगरपरिषदेच्या कामात नगरसेवकाचा हितसंबंध निघाला तर त्याचे पद धोक्यात येते.

मार्ग_आखणी

निधी मिळूनही यात्रा अडते ती रस्त्यावर, म्हणून अर्जासोबत मार्गाचा नकाशा जोडाच. त्यावर लांबी, चौक, थांबे, पाण्याची जागा, रुग्णवाहिका उभी राहण्याची जागा आणि वीजतारा ओलांडणारी ठिकाणे दाखवा. नगरपरिषदेकडून मागायच्या कामांत दोन गोष्टी नेहमी विसरतात: मार्गावरच्या झाडांच्या खाली आलेल्या फांद्या छाटणे आणि खड्डे बुजवणे. खड्ड्यांचे पत्र बांधकाम विभागाला किमान महिनाभर आधी द्या.

चित्ररथाची उंची आधी ठरवा. रस्ता ओलांडणाऱ्या लघुदाब वीजतारेची उंची नियमाने किमान ५.८ मीटर हवी, पण जुन्या गल्ल्यांत ती झोळ पडून बरीच खाली असते. केबलवाल्यांच्या तारा तर कुठेही असतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा पाटा जमिनीपासून साधारण १ मीटरच्या वर असतो, त्यावर २ मीटरचा देखावा आणि त्यावर हातात झेंडा घेतलेला मुलगा उभा केला की तुम्ही तारेच्या हाताच्या अंतरावर येता. देखाव्याचा सर्वोच्च बिंदू, झेंड्याच्या टोकासकट, जमिनीपासून ४ मीटरच्या आत ठेवा. धातूचा झेंड्याचा दांडा वापरू नका. तरीही महावितरणला मार्ग कळवा आणि जिथे तारा खाली आहेत तिथे यात्रेच्या वेळी पुरवठा बंद ठेवण्याची लेखी विनंती करा.

थर्माकोलची सजावट राज्यात २०१८ च्या अधिसूचनेपासून बंद आहे. पर्यावरणाच्या संदेशाचा, नगरपरिषदेच्या पैशाचा रथ आणि त्यावर थर्माकोलचे झाड असे झाले तर देयकाला कात्री लागेल ती योग्यच. पुठ्ठा, बांबू, कापड, कागदाचा लगदा वापरा.

पोलीस परवानगीसाठी आयोजकांची नावे, मार्ग, वेळ, वाहनांची संख्या आणि स्वयंसेवकांची यादी द्या. परवानगीची प्रत नगरपरिषदेच्या फाइलला लागते, म्हणून ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. ध्वनीची मर्यादा निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रुग्णालय, शाळा, न्यायालयापासून १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५०. ढोल-ताशा पथक याच्या कितीतरी वर जाते. मार्गात रुग्णालय असेल तर त्या टप्प्यात वाजवणे पूर्ण थांबवायचे हे पथकप्रमुखांकडून लिहून घ्या आणि चौकात एक स्वयंसेवक फक्त त्यासाठी उभा करा.

गावठाण

ग्रामपंचायतीबद्दल कोणी विचारत असेल तर थोडक्यात: अकराव्या अनुसूचीत सांस्कृतिक कार्यक्रम आणि बाजार व जत्रा हे दोन्ही विषय आहेत. वित्त आयोगाच्या बंधित निधीला हात लावू नका, तो पाणी आणि स्वच्छतेचा आहे. स्वनिधीतून तरतूद करा, ग्रामसभेत विषय मांडा, ठरावावर सूचक-अनुमोदकांची नावे असू द्या. खर्च धनादेशाने किंवा ऑनलाइनच. सरपंचांनी खिशातून केलेला खर्च नंतर ‘परत’ घेणे ही सगळ्यात जास्त आक्षेप येणारी गोष्ट आहे.

विषयपत्रिका

कार्यवाह, शेवटी देयकाच्या दिवसासाठी. काम पूर्ण झाल्याचा दाखला नगरपरिषदेचा अभियंता किंवा विभागप्रमुख देतो, पण तो त्या सकाळी तिथे असेलच असे नाही. म्हणून व्यासपीठ, बॅरिकेड, शौचालये, टँकर आणि दोन्ही चित्ररथांचे तारीख-वेळ व ठिकाण उमटणारे फोटो काढा: उभारणी झाल्यावर, गर्दी असताना आणि रस्ता मोकळा झाल्यावर. शौचालये किती आली याची मोजणी पुरवठादाराच्या माणसाची सही घेऊन कागदावर ठेवा, कारण कार्यादेशात दहा आणि जागेवर सहा असे वारंवार होते आणि नंतर सिद्ध करता येत नाही. आली तेवढ्याचेच देयक मंजूर होऊ द्या, पूर्ण मंजुरीसाठी आग्रह धरू नका. पाडव्यानंतर आठ दिवसांत हे सगळे एका पत्रासोबत विभागाला द्या. आणि त्याच पत्रात २०२८ चा विषय काढा, कारण तो पाडवा पुन्हा मार्चमध्ये, २७ तारखेला आहे. म्हणजे त्याचाही खर्च २०२७-२८ च्याच तरतुदीतून होणार, एका आर्थिक वर्षात दोन यात्रा येतात. अंदाजपत्रकात दुप्पट रक्कम हवी हे मात्र लेखा विभागाला नोव्हेंबर २०२६ च्या अर्जातच कळवा.